चिवो वॉलेट : तीस डॉलरचं सरकारी पाकीट

मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर या देशाच्या बोलीत 'चिवो' म्हणजे 'झकास'. राष्ट्राध्यक्ष नायिब बुकेले यांनी ७ सप्टेंबर २०२१ पासून बिटकॉइनला डॉलरच्या बरोबरीने कायदेशीर चलन केलं आणि त्याच दिवशी चिवो वॉलेट हे पैसे ठेवण्या-पाठवण्याचं सरकारी ॲप लोकांच्या हातात दिलं. बुकेलेंबद्दल बोलताना लोक एकतर त्यांना डोक्यावर घेतात, नाहीतर हुकूमशहा म्हणून निकाल लावतात. सगळी धोरणं एकाच पारड्यात टाकण्यापेक्षा त्यातलं एक सुटं काढून, वापरायची वस्तू तपासतो तसं तपासलेलं बरं. त्यासाठी चिवो योग्य आहे, कारण इथे धोरण थेट सामान्य माणसाच्या फोनमध्ये उतरलं होतं.

ॲपमध्ये दोन शिलकी असतात, एक डॉलरची आणि एक बिटकॉइनची. एकीतून दुसरीत पैसे फिरवायला शुल्क नाही. बँक खातं लागत नाही. देशात सुमारे २०० चिवो एटीएम बसवले, तिथून डॉलरच्या नोटा काढता येतात. एका चिवो खात्यातून दुसऱ्यात पैसे पाठवणं फुकट आणि तत्काळ, रविवार असो की रात्रीचे दोन. हे खरंच चांगलं काम होतं, आणि ते मोकळेपणाने मान्य करायला हवं. पण ते कसं चालतं तेही बघा. असा व्यवहार ब्लॉकचेनवर, म्हणजे बिटकॉइनच्या सार्वजनिक नोंदवहीवर, जातच नाही. कंपनीच्या वहीत एका नावावरची रक्कम दुसऱ्या नावावर लिहिली जाते, एवढंच. म्हणजे ॲपचा सगळ्यात उपयोगी भाग बिटकॉइनशिवायही तसाच चालला असता.

गडबड सुरू होते ती नोंदणीपासून. 'दुई' या राष्ट्रीय ओळखपत्राचा क्रमांक टाका, जन्मतारीख टाका, कॅमेऱ्यात चेहरा दाखवा, की ३० डॉलरचं बिटकॉइन जमा. व्यापार आणि उद्योगातलं किमान वेतन तेव्हा महिन्याला ३६५ डॉलर होतं, म्हणजे हा बोनस अडीच दिवसांच्या मजुरीएवढा. एवढ्या रकमेसाठी चोर येणारच. ओळखपत्राचा क्रमांक आणि जन्मतारीख काही गुपित नसते; कुणाला झेरॉक्स दिली की दोन्ही गेली. उरलं एकच कुलूप, चेहऱ्याचं, आणि तेही कच्चं निघालं: जिवंत माणसाऐवजी फोटो समोर धरूनही खाती उघडल्याच्या तक्रारी आल्या. क्रिस्तोसाल या मानवाधिकार संघटनेकडे ऑक्टोबर २०२१ मध्ये आठवड्याच्या आतच सातशेहून अधिक तक्रारी जमल्या. लोक नोंदणीला जात आणि कळे, आपल्या नावावर खातं आधीच उघडलंय, बोनसही उचललाय. उपाय अवघड नव्हता. मान वळवायला, डोळे मिटायला लावून चेहरा जिवंत आहे का ते पाहायचं, नागरिक नोंदणीतल्या फोटोशी तो जुळवायचा, आणि बोनस काही दिवस रोखून धरायचा. पण कायदा जूनमध्ये संमत झाला आणि ९० दिवसांत ॲप, एटीएम, सगळं उभं करायचं होतं. पहिल्याच सकाळी सर्व्हरला भार पेलला नाही, नोंदणी थांबवावी लागली. त्याच दिवशी बिटकॉइनचा भावही जोरात आपटला. भाव कुणाच्या हातात नसतो. घाई मात्र सरकारने स्वतः ठरवलेली होती.

दुकानदाराच्या बाजूची रचना मात्र विचार करून केलेली दिसते. गिऱ्हाईक बिटकॉइन देई, दुकानदार हवं तर लगेच डॉलर घेई, आणि मधल्या चढउताराचा भार बांदेसाल या सरकारी विकास बँकेतला १५ कोटी डॉलरचा निधी सोसत असे. म्हणजे जोखीम दुकानदाराची नाही, करदात्याची. सुरुवातीला ॲप दाखवलेला भाव थोडा वेळ गोठवून ठेवायचं. तेवढ्यात बाहेरचा भाव हलला की सट्टेबाज फरक खिशात घालत. ती सोय ऑक्टोबरमध्ये काढून टाकली.

चांगल्या रचनेवर पाणी पडलं ते सक्तीमुळे. कायद्याच्या सातव्या कलमाने प्रत्येक व्यावसायिकाला बिटकॉइन स्वीकारणं बंधनकारक केलं, बाराव्याने तंत्रज्ञान नसलेल्यांना सूट दिली. पैशाच्या बाबतीत लोक जबरदस्ती सहन करत नाहीत. २००१ मध्ये कोलोन हे देशाचं जुनं चलन जाऊन डॉलर आला, तेव्हापासून निदान पैशाची किंमत उद्या काय असेल याची चिंता नव्हती. ती पुन्हा कोण ओढवून घेईल? बहुतेकांनी तीस डॉलर खर्च केले आणि ॲप बाजूला ठेवलं. मध्य अमेरिकन विद्यापीठाच्या पाहणीत ८८ टक्के लोकांनी २०२३ मध्ये बिटकॉइन एकदाही वापरलं नव्हतं.

सगळ्यात मोठं आश्वासन होतं परदेशातून घरी येणाऱ्या पैशाचं. देशाच्या उत्पन्नाचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त तिथून येतो, आणि कमिशनमध्ये ४० कोटी डॉलर वाचतील असं बुकेले म्हणाले होते. प्रत्यक्षात क्रिप्टो वॉलेटमधून येणारा वाटा एक-दोन टक्क्यांपुढे गेला नाही. कारण साधं आहे. पाठवणाऱ्याच्या हातात मजुरीची रोख असते आणि घेणाऱ्याला रोखच हवी असते. मधला टप्पा फुकट केला तरी दोन्ही टोकं नोटांचीच राहतात, आणि गावात एटीएम नसेल तर बसभाडं वाचलेल्या कमिशनपेक्षा जास्त होतं.

मला सर्वात जास्त खटकतं ते हिशेबाचं. पैसा जनतेचा, पण चिवो ही खासगी कायद्याखाली नोंदलेली कंपनी. त्यामुळे किती खर्च झाला, किती बुडाले, हे नागरिकाला कागदावर बघायला मिळत नाही. बुकेलेंच्या बाजूने बोलणारे इथे टोळ्यांचा बंदोबस्त पुढे करतात. मार्च २०२२ पासूनच्या आणीबाणीत खून प्रचंड कमी झाले, हे खरं आहे. हजारो लोक पुराव्याविना तुरुंगात गेले, हेही तितकंच खरं. पण त्या खात्यातली जमा चिवोच्या तोट्यात वळती करता येत नाही.

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून १४० कोटी डॉलरचं कर्ज घेताना जानेवारी २०२५ मध्ये कायदा बदलला. आता स्वीकार ऐच्छिक, कर फक्त डॉलरमध्ये, आणि चिवोमधून सरकारने टप्प्याटप्प्याने बाहेर पडायचं.

माझे गुण असे: डॉलर पाठवण्याच्या सोयीला पाचपैकी चार, दुकानदाराच्या रचनेला तीन, ओळख पडताळणीला एक, हिशेबाला शून्य. ज्यांची शिल्लक अजून तिथे असेल त्यांनी लक्षात घ्यावं, या वॉलेटची किल्ली, म्हणजे बिटकॉइन हलवायला लागणारा गुप्त संकेत, कंपनीकडे असते, तुमच्याकडे नाही. डॉलर असतील तर एटीएममधून काढा. बिटकॉइन असेल तर स्वतःच्या वॉलेटचा पत्ता टाकून आधी अगदी थोडी रक्कम पाठवा, पत्त्याची पहिली आणि शेवटची चार अक्षरं ताडून बघा, ती पोचल्यावरच उरलेली हलवा.