रिसर्च ग्रुप जॉइन करायचाय? माझं दीड वर्ष वाचा आधी

एका युनिव्हर्सिटीच्या बायोस्टॅटिस्टिक्स आणि पर्यावरण-आरोग्यवाल्या रिसर्च ग्रुपमध्ये दीड वर्ष काढलं, नुकतीच बाहेर पडलेय. पाचपैकी साडेतीन.

मॉडेल-बिडेल लावायला मिळणार म्हणून मी उड्या मारत गेले आणि पहिले चार महिने नुसता डेटा साफ करत बसले. पीएम २.५ चे, म्हणजे हवेतल्या अगदी बारीक धुळीचे, तासातासाचे आकडे, त्यात मधेच -९९९. मशीन बंद असलं की तसं टाकतात हे मला माहीतच नाही, मी आपली सरळ सरासरी काढली आणि हवेतली धूळ चक्क शून्याच्या खाली! तीच स्लाइड मीटिंगमध्ये लावली. दोन सेकंद सगळे गप्प, मग जे हसले ना. तेव्हापासून कुठलीही फाइल उघडली की आधी मिनिमम बघते.

पण साडेतीन स्टार दिलेत ते ह्या मीटिंगसाठीच. दर आठवड्याला तुमचं मॉडेल अक्षरशः सोलतात, तापमान धरलंस का, आठवड्याचा वार घेतलास का, लॅग (धूळ वाढल्यावर परिणाम दिसेपर्यंतचं अंतर) किती दिवसांचा, एवढाच का. एकदा मी म्हटलं सॉफ्टवेअरचं डीफॉल्टच ठेवलंय, झालं, सिनियरने २००२ चा किस्सा काढला. अमेरिकेतल्या ९० शहरांचा अभ्यास, एस-प्लस नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये गणित कधी थांबवायचं ही डीफॉल्ट सेटिंग ढिली होती, ती कडक करून परत चालवलं तर पीएम १० (थोडी जाड धूळही धरून) घनमीटरमागे दर १० मायक्रोग्रॅमने वाढल्यावर मृत्यू ०.४१ टक्के वाढतात म्हणत होते ते ०.२७ वर आले. परिणाम गायब नाही झाला, पण आकडा एक तृतीयांशने खाली, आणि कारण काय तर कुणी सेटिंग उघडून बघितली नाही. हे क्लासात कोण शिकवतं?

आर ही आकडेमोडीची प्रोग्रामिंग भाषा येत नसेल तर पहिला महिना जड जातो. हॉस्पिटलचा डेटा हवा असेल तर एथिक्स कमिटीच्या परवानगीत खूप वेळ जातो, ते धरूनच चाला. गाइड हुशार आहेत, वादच नाही, पण भेटत नाहीत, मेलला उत्तर दोन आठवड्यांनी आणि तेही एका ओळीत.

दीड स्टार कापला तो पेपरवरच्या नावांसाठी. सगळा कोड माझा, आणि नाव आलं तिसरं. विचारलं तर म्हणे, आपलं तसं काही बोलणं झालं नव्हतं ना. खरंच झालं नव्हतं.