एक्लिप्ससाठी सेटिंग्ज तपासणारे साधन: वेगळे प्लगइन ठेवावे की मूळ प्रकल्पाला द्यावे?

एक्लिप्स या प्रोग्रॅम लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये सेटिंगची एखादी व्हॅल्यू प्रोजेक्ट, वर्कस्पेस, कॉन्फिगरेशन आणि डिफॉल्ट अशा क्रमाने शोधली जाते, हे वाचकाला ठाऊक आहे असे मी गृहीत धरतो. या पातळ्यांमध्ये नेमके काय बदलले हे टिपणारे साधन ज्याने स्वतःच्या गरजेपोटी लिहिले आहे, त्याच्यापुढे लवकरच प्रश्न उभा राहतो, की ते मार्केटप्लेसवर, म्हणजे एक्लिप्सच्या प्लगइन-दालनात, स्वतंत्र प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) म्हणून ठेवावे की पुल रिक्वेस्ट करून, म्हणजे आपला कोड सामावून घेण्याची विनंती पाठवून, एक्लिप्सच्या मूळ प्रकल्पालाच द्यावे. मी काही काळ पहिला मार्ग चालवला आणि नंतर त्यातला कामाचा भाग दुसऱ्या मार्गाने दिला. पीडीई या प्लगइन लिहिण्यासाठीच्या एक्लिप्सच्या साधनसंचात सेटिंग्जमधले बदल दाखवणारा ‘प्रेफरन्स स्पाय’ आधीपासून आहे, आणि तोही पूर्वी ई-फोर टूल्स या दुसऱ्या साधनसंचात होता, तेथून पुढे पीडीईत आला. त्यामुळे आज देण्यासारखे जे असते ते बहुधा त्यावरची भर असते. पण निवड तीच राहते.

स्वतंत्र प्लगइनची बाजू लंगडी नाही. परवाना आपण ठरवतो, आवृत्ती आपल्याला वाटेल त्या दिवशी काढतो, आणि एखादी कल्पना फसली तर दुसऱ्या दिवशी काढून टाकतो. ज्याला अजून साधनाचे रूपच सापडलेले नाही, त्याने येथूनच सुरुवात करावी असे मला वाटते.

मूळ प्रकल्पाकडे जाताना मात्र शिस्त पाळावी लागते. एक्लिप्सच्या योगदान करारावर सही हवी, आणि कमिटमधील ईमेल त्या खात्याशी जुळला पाहिजे. आपण कमिटर (कोड थेट आत घेण्याचा अधिकार असलेले) नसू आणि भर हजार ओळींच्या वर गेली, तर बौद्धिक संपदेची वेगळी तपासणी होते. बंडलचा, म्हणजे बदललेल्या कोडच्या गठ्ठ्याचा, आवृत्तीक्रमांक त्या रिलीजसाठी वाढवायचा राहिला, तर बिल्ड (कोडची स्वयंचलित बांधणी) पडते. शिवाय 2018 पासून दर 3 महिन्यांनी रिलीज होत असल्याने शेवटच्या टप्प्यात नव्या गोष्टींसाठी दार जवळजवळ बंद असते. कमिटरांना वेळ मिळेपर्यंत थांबण्याची तयारी ज्याच्याकडे नाही, त्याला हा मार्ग जाचक वाटेल, आणि त्यात त्याची चूक म्हणता येणार नाही.

माझ्यापुरता निर्णय ठरला तो एका त्रासामुळे. सेटिंग्ज तपासण्याची वेळ येते ती आपल्या संगणकावर नव्हे, तर अडचणीत सापडलेल्या दुसऱ्याच्या संगणकावर. एका कंपनीतील सहकाऱ्याची तक्रार होती, की कोडची मांडणी नीट करणाऱ्या फॉर्मॅटरची सेटिंग्ज आपोआप बदलतात. त्यांना मी प्लगइन घालायला सांगितले, तर तेथील प्रॉक्सी (कंपनीच्या नेटवर्कचा पहारेकरी सर्व्हर) बाहेरचा पत्ता उघडू देईना. मग झिप पाठवली. त्यावर डिजिटल सही नसल्यामुळे विश्वासाविषयीची खिडकी पुढे आली आणि तिला होकार देण्याआधी त्यांना वरिष्ठांना विचारावे लागले. अखेर प्लगइन बसले आणि एक्लिप्सने रीस्टार्ट मागितला. रीस्टार्टनंतर पाहण्यासारखे काही उरले नव्हते, कारण जी स्थिती पकडायची होती ती त्या बंद-चालूमध्येच पुसली गेली होती. बदल टिपणारे साधन बदल होण्याच्या क्षणी तेथे नसेल, तर ते कितीही चांगले लिहिलेले असले तरी कामाचे नाही. या प्रकारच्या साधनाला ही अडचण इतर कोणत्याही प्लगइनपेक्षा जास्त जाचते.

प्रकल्पात गेलेले साधन प्रत्येकाकडे आपोआप पोहोचते असे मात्र समजू नये. पीडीई हे कमिटरांच्या आणि आरसीपी (एक्लिप्सच्या पायावर स्वतंत्र अ‍ॅप बनवण्याची व्यवस्था) विकसकांच्या पॅकेजमध्ये येते. ज्यांच्याकडे ते नाही त्यांना तेही बसवावेच लागते, आणि रीस्टार्टही चुकत नाही. तरीही ते अधिकृत रेपॉझिटरीतून, एक्लिप्स फाउंडेशनच्या सहीसह येते आणि त्या रेपॉझिटरीचा पत्ता बहुतेकांच्या यादीत आधीच असतो. माझ्या अनुभवात एवढ्या फरकानेही समोरच्याची टाळाटाळ थांबते. ज्यांच्याकडे पीडीई आहे त्यांना तर फक्त व्ह्यू उघडून नोंद घेणे सुरू करायचे असते.

दुसरा लाभ रिव्ह्यूचा, आणि तो मला अपेक्षित नव्हता. एडिटरमधले ओळींचे क्रमांक बंद केले की साधनात संबंधित नोडवर (एका घटकाच्या सेटिंग्जच्या गटावर) नवी व्हॅल्यू ‘फॉल्स’ दिसते. ते पुन्हा चालू केले की नव्या व्हॅल्यूची चौकट रिकामी येते, कारण डिफॉल्टशी जुळणारी व्हॅल्यू साठवली जात नाही, ती ‘की’, म्हणजे त्या सेटिंगचे नाव, नोडमधून काढूनच टाकली जाते. प्लगइन वापरणाऱ्या काहींनी ही रिकामी चौकट पाहून साधन बिघडले असे कळवले होते. पुल रिक्वेस्टवर पहिली चर्चा याच चौकटीवर झाली, आणि तेथे डिफॉल्ट पातळीवरची व्हॅल्यू वाचून दाखवावी, ही सूचना प्रेफरन्स स्टोअर (सेटिंग्ज साठवणारा भाग) आतून ओळखणाऱ्या माणसाकडून आली. वेगळ्या प्लगइनला अशी नजर क्वचितच लाभते.

हा कौल सगळीकडे लागू करू नये. व्हीएस कोड या दुसऱ्या एडिटरमध्ये एक्स्टेन्शनला (तेथील प्लगइनला) एकाच ‘इन्स्पेक्ट’ कॉलमध्ये डिफॉल्ट, वापरकर्ता, वर्कस्पेस आणि फोल्डर या चारही पातळ्यांवरच्या व्हॅल्यू मिळतात, आणि एक्स्टेन्शन बसवताना सहसा रीस्टार्ट लागत नाही. तेथे वेगळे एक्स्टेन्शन काढणेच सयुक्तिक ठरेल. तुमचे साधन एखाद्या कंपनीच्या खास सेटिंग्जपुरतेच असेल, तर एक्लिप्समध्येही ते मूळ प्रकल्पात शोभणार नाही.

एरवी मात्र मी मूळ प्रकल्पाकडे झुकेन. तसे ठरवलेत, तर अख्खे प्लगइन एका पुल रिक्वेस्टमध्ये पाठवू नका. आधी प्रकल्पाच्या पानावर इश्यू (चर्चेची नोंद) उघडून ही भर हवी आहे का हे विचारा, मग नोड आणि ‘की’ यांवर गाळणी लावण्यासारखा छोटा तुकडा रिलीजच्या पहिल्या माइलस्टोनच्या (टप्प्याच्या) सुमारास द्या, आणि तो आत गेल्यावरच पुढचा तुकडा काढा. तोपर्यंत आपले प्लगइन मार्केटप्लेसवर राहू द्यायला काहीच हरकत नाही.