व्हिनाइलच्या नावाखाली सिलिंगच्या पट्ट्या

मार्च महिन्यात आमच्या पश्चिमेच्या भिंतीवरचा एक स्क्रू मी नुसत्या बोटांनी ओढून काढला. डोकं हातात आलं, खालचा भाग गंज होऊन लाकडातच राहिला. त्या भिंतीला बाहेरून प्लास्टिकच्या पट्ट्या लावण्यात आमचे १,१२,५०० रुपये गेले आहेत. आता किनाऱ्याकडच्या आणखी दोन-तीन घरांना तसल्याच पट्ट्या लागताना दिसल्या, तेव्हा राहवेना, म्हणून लिहिते आहे.

आमचं घर मांद्र्याला. चिऱ्याच्या भिंती, वरून चुन्याचा गिलावा. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये, आणि समुद्राकडून येणारी झड आमच्या पश्चिमेच्या भिंतीवर सरळ आदळते. सासरे होते तोवर मिरगाच्या आधी त्या भिंतीला माडाची विणलेली चुडतं, म्हणजे झावळ्या, बांधली जायची. ते गेल्यावर विणणारं कोणी राहिलं नाही आणि भिंत दरवर्षी थोडी थोडी ओल धरू लागली.

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये एक कंत्राटदार घरी आला. बोलायला गोड. "काकी, अमेरिकेत घरंच्या घरं ह्यात असतात. व्हिनाइल सायडिंग, म्हणजे भिंतीला बाहेरून लावायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या. एक थेंब आत जाणार नाही, वीस वर्षं बघायला नको." त्याने एक नमुना माझ्या हातात दिला. भरीव, चिवट पट्टी, वरच्या कडेला ओळीने लांबट भोकं. वाकवून पाहिली, वाकली आणि परत सरळ झाली. भिंत ४५० चौरस फूट, दर २१० रुपये, म्हणजे ९४,५००. बिल नको असेल तर १८ टक्के जीएसटी वाचेल, असंही तो म्हणाला. आम्ही बिल नको म्हटलं. ६०,००० चेकने दिले, बाकीचे काम झाल्यावर रोख. नमुना जाताना तो परत घेऊन गेला आणि आम्ही तो जाऊ दिला.

काम तीन दिवसांत उरकलं. मी शाळेत, हे दुकानावर, घरी फक्त सासूबाई. भिंतीवर लाकडाच्या पट्ट्या ठोकल्या, त्यांवर साध्या लोखंडी स्क्रूंनी पॅनेल घट्ट आवळली आणि खालची कड या टोकापासून त्या टोकापर्यंत सिलिकॉनने बंद केली. सासूबाईंनी विचारलं, "आत गेलेलं पाणी बाहेर कुठून येणार?" तो म्हणाला, "आजी, जाणारच नाही तर येईल कुठून?" संध्याकाळी त्यांनी हे आम्हाला सांगितलं. आम्ही त्यांनाच गप्प केलं. पैशांपेक्षाही ती गोष्ट मला जास्त लागते.

जुलैत स्वयंपाकघरात कुबट वास यायला लागला. त्या भिंतीवरचं कालनिर्णय काढायला गेले तर मागचं पान भिंतीला चिकटलेलं. ओढलं तेव्हा पानाबरोबर तळहाताएवढा गिलावा खाली आला, आणि मागे काळी बुरशी.

फोन केल्यावर तो आला, हे मुद्दाम सांगते, कारण त्यामुळेच आमचा विश्वास पुन्हा बसला. पाऊस संपू दे म्हणाला आणि ऑक्टोबरात माणसं घेऊन हजर झाला. "काकी, मेंटेनन्स नाही केलं तर असं होतंच." त्यांनी प्रेशर मशीनने भिंत धुतली, खाली उभं राहून झोत वर मारत. मग 'प्रोटेक्शन कोट' म्हणून गडद चॉकलेटी रंग फासला. १८,००० रुपये, रोख. डिसेंबरपासून त्याचा फोन बंद आहे.

मार्चच्या उन्हात पट्ट्या फुगून लाटांसारख्या उठल्या. माझा भाचा न्यू जर्सीला असतो, त्याचं स्वतःचं घर व्हिनाइल सायडिंगचं. व्हिडिओ कॉलवर त्याला भिंत दाखवली. तो आपल्या अंगणात गेला आणि एका पट्टीवर हात ठेवून ती डावी-उजवीकडे सरकवून दाखवली. पट्टी खरंच सरकत होती. "मामी, तुझी सरकवून बघ." आमची तसूभर हलली नाही.

त्याने जे समजावलं ते प्रत्येकाने आधीच समजून घ्यावं असं आहे. व्हिनाइल उन्हात वाढतं, थंडीत आक्रसतं. बारा फुटांच्या पट्टीची लांबी अर्ध्या इंचापर्यंत बदलू शकते. म्हणून भोकं लांबट असतात, खिळा भोकाच्या मधोमध मारायचा आणि त्याचं डोकं पट्टीला टेकू द्यायचं नाही, मध्ये नाण्याच्या जाडीएवढी फट ठेवायची. टोकांनाही पाव इंच जागा सोडायची. आवळून टाकलेली पट्टी फुगणार म्हणजे फुगणार. गडद रंगाने ती आणखी तापते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट अशी की व्हिनाइल सायडिंग पाणी पूर्ण अडवण्यासाठी नसतंच. थोडं पाणी मागे जातं असं धरूनच ते बनवलेलं असतं. मागे पाणी अडवणारा थर असतो आणि प्रत्येक पट्टीच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात, तिथून ते पाणी निथळून जातं. ती भोकं बुजवायची नसतात. "एक थेंब आत जाणार नाही" असं जो सांगतो त्याला एक तर काम येत नाही, नाहीतर तो खोटं बोलतो.

धुण्याचंही तसंच. मऊ ब्रश किंवा फडकं, साधं पाणी, बुरशी असेल तर तीस भाग व्हिनेगर आणि सत्तर भाग पाणी. खालून सुरुवात करून वर जायचं म्हणजे ओघळ उमटत नाहीत, पण पाण्याचा झोत खालून वर कधीच मारायचा नाही. तसा मारला की पाणी सरळ पट्टीच्या मागे शिरतं. आम्ही मात्र १८,००० रुपये देऊन तेच करून घेतलं.

दुसऱ्या दिवशी गावातल्या मेस्ताला, म्हणजे गवंड्याला, बोलावून एक पट्टी काढली. आतून ती पोकळ निघाली, मध्ये उभे पडदे. ती सायडिंग नव्हतीच. घरात छताला लावतात ती पीव्हीसी सिलिंगची पट्टी. उघड्यावर, उन्हात लावायची ती वस्तूच नव्हे. मागचे चिरे हाताला ओले लागत होते, तेही मार्चमध्ये. लाकडावर वाळवीची मातीची वाट वरपर्यंत चढली होती. कंत्राटदाराने दिलेल्या गॅरंटी कार्डावर ना शिक्का, ना पत्ता.

कोणी असं काम घेऊन आलं तर नमुना परत देऊ नका. त्यावर त्याची सही घ्या आणि माल आला की पॅकिंग फोडून दोन्ही शेजारी ठेवा. पोकळ पट्टी असेल तर तिथेच काम थांबवा. खारा वारा लागतो तिथे लोखंडी स्क्रू चालत नाहीत, ॲल्युमिनियमचे किंवा स्टेनलेस स्टीलचेच मागा. काम झाल्यावर हाताने पट्टी सरकवून बघा आणि मगच शेवटचा हप्ता द्या. बिल घ्या, जीएसटीसकट. आमच्याकडे ६०,००० चा पुरावा आहे, कारण तो चेक होता. उरलेल्या ५२,५०० चा काही नाही.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. तिथून पुढे उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दिली. वकील लागत नाही, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. हे इतक्या उशिरा कळलं याचं वाईट वाटतं.

काढलेल्या पट्ट्या मागच्या परड्यात रचून ठेवल्या आहेत. जाळा म्हणून शेजाऱ्यांनी सुचवलं, पण पीव्हीसीचा धूर विषारी असतो, तो आम्ही करणार नाही. भिंत उघडी ठेवून अख्खा एप्रिल-मे वाळू दिली. मेस्ताने चुन्याचा गिलावा नव्याने केला. चुडतं विणणारी एक म्हातारी तुये गावात सापडली, तिच्याकडून वीस आणली आणि मिरगाच्या दोन दिवस आधी बांधली. बांधताना सासूबाई खुर्ची टाकून समोर बसल्या होत्या, कुठली गाठ सैल आहे ते सांगत. त्या गंजक्या स्क्रूचं डोकं मी कागदाच्या पुडीत घालून तक्रारीच्या फाइलीला टाचून ठेवलं आहे.