चिऱ्याच्या भिंतीला वॉटर रिपेलंट : अख्खा पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

फेब्रुवारीत भिंतीला वॉटर रिपेलंट, म्हणजे पाणी झटकून टाकणारा माल मारला, आता दिवाळी होऊन गेली, मधे जून ते सप्टेंबर पूर्ण पाऊस आणि ऑक्टोबरातले परतीचे गडगडाटी झोडपे असं सगळं ह्या भिंतीने बघितलंय, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. लावल्यावर आठवड्याभरात लिहिलेल्या रिव्ह्यूवरून ह्या मालाबद्दल काहीच कळत नाही, नवीन असताना कुठल्याही डब्यातला माल पाणी घरंगळवून दाखवतोच.

आधी घराबद्दल, कारण त्याशिवाय बाकीचं सांगण्यात अर्थ नाही. वेंगुर्ल्याजवळ चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं जुनं घर, वर मंगलोरी कौलं, समुद्र इतका जवळ की रात्री गाज ऐकू येते. पश्चिमेची भिंत बाहेरून उघडा चिरा, गिलावा नाही, फक्त दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे भरलेले. आतून गिलावा आणि डिस्टेंपर. आमच्याकडे वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस, आणि तो सरळ वरून पडला असता तर काही प्रश्नच नव्हता, पण नैऋत्येचा वारा धरला की झड आडवी येते आणि थेट भिंतीवर आपटते. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला लागून गेलं तेव्हा ह्या बाजूची वळचणीची कौलं उडाली, भिंत वरून भिजली, आणि तेव्हापासून ती नीट सुकलीच नाही. आत कपाटाच्या मागे हात लावला की पांढरी भुकटी हाताला यायची, डिस्टेंपरचे पापुद्रे सुटायचे, आणि सप्टेंबरात कपड्यांना जो वास येतो तो कोकणातल्या माणसाला वेगळा सांगायला नको.

ह्याला लोक दोन उपाय सांगतात. एक, बाहेरून सिमेंटचा गिलावा करून रबरासारखा जाड रंग मारा. दोन, चिऱ्याला क्लिअर लॅकर मारा, रिसॉर्टवाले मारतात ते चकचकीत. मला दोन्ही नको होतं. चिरा सच्छिद्र दगड, पाणी पितो आणि उन्हात सोडतो. त्याच्यावर प्लास्टिकची फिल्म चढवली की बाहेरचं पाणी अडतं खरं, पण जोत्यातून, कौलांच्या गळतीतून, आतल्या दमटपणातून जे पाणी भिंतीत शिरलंय त्याला बाहेर पडायला वाट उरत नाही, मग ते फिल्मच्या मागे साचतं आणि फुगे येतात. आमच्याच वाडीत एका घराला असा जाड रंग आहे, श्रावणात त्याच्या फुग्याला बोट लावलं तर आतून पाणी ओघळलं, हे मी स्वतः पाहिलंय. लॅकर तर दोन पावसाळ्यांत पांढुरकं होऊन खपल्या धरतं आणि मग ते खरवडून काढताना दगडाचा वरचा कडक थर पण निघतो.

म्हणून मी सिलेन-सिलॉक्सेनवाला (दगडात मुरणारी सिलिकॉनच्या जातीची रसायनं) माल घेतला. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये, बऱ्याच कंपन्या हा प्रकार बनवतात, डब्यावर सिलेन, सिलॉक्सेन आणि 'ब्रीदेबल' किंवा 'पेनिट्रेटिंग' असं लिहिलंय का तेवढं बघा. ह्याचं काम असं की तो दगडाची छिद्रं बुजवत नाही, छिद्रांच्या आतल्या बाजूला बसतो आणि तिथे पाणी धरू देत नाही, वाफ मात्र बाहेर जाऊ शकते. रंग बदलत नाही, चकाकी येत नाही, भिंत होती तशीच दिसते. मला लिटरला 450 रुपयांच्या आसपास पडलं. डब्यावर जेवढा एरिया दिलाय तो चिऱ्यासाठी विसरा, तो गुळगुळीत काँक्रीटचा हिशोब असतो, आमचा चिरा अक्षरशः ढोसत होता, निम्म्याच एरियात डबा संपायचा.

आता खरं काम लावण्याच्या आधीचं आहे आणि त्यातच सगळं जमतं किंवा बिघडतं. पहिलं म्हणजे वेळ. दसऱ्याला पाऊस संपला म्हणून लगेच लावायला जाऊ नका, भिंत आतून ओलीच असते आणि ओल्या छिद्रात हा माल शिरत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत उत्तरेचा कोरडा वारा असतो तोच काळ बरोबर. दुसरं शेवाळ. प्रेशर वॉशर चिऱ्यावर अजिबात मारू नका, दगड पोखरतो. मी पाण्यात ब्लीच पातळ करून लावलं, पंधरा-वीस मिनिटं ठेवलं, काथ्याच्या ब्रशने घासलं आणि भरपूर गोड्या पाण्याने धुतलं. जवळच्या ग्रीलवर प्लास्टिक बांधा, ब्लीच लोखंडाला खातं.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, दर्जा. हा माल केसाएवढ्या भेगेत चालतो, त्याच्यापेक्षा मोठी भेग किंवा चिऱ्याचं मोठं भोक असेल तर वारा पाणी ढकलून आत घालतोच, तिथे रिपेलंटचा काही इलाज चालत नाही. त्यामुळे जिथे दर्जा पोकळ वाजत होत्या तिथे बोटाच्या एका पेराएवढ्या खोल कोरून काढल्या आणि सिमेंट एक, चुना एक, वाळू सहा ह्या मिश्रणाने परत भरल्या. नुसतं सिमेंट कडक होतं, चिरा मऊ, मग कडेने बारीक फट सुटते, चुना घातला की ते सुटत नाही. मोठी भोकं चिऱ्याची भुकटी आणि चुना, थोडं सिमेंट असं कालवून बुजवली, लांबून कळत पण नाही. आणि वाळू! खाडीची वाळू स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका, तिच्यात मीठ असतं, म्हणजे आपणच पैसे देऊन भिंतीत मीठ भरतो आणि नंतर लोणा (भिंतीतून बाहेर येणाऱ्या मिठाची पांढरी भुकटी) फुटला म्हणून रंगवाल्याला शिव्या घालतो. आम्ही नदीची वाळू आणली ती पण धुवून वापरली.

लावायला आंबा फवारणीचा हातपंप वापरला, पण कोरा, औषधाचा नाही. खालून वर जायचं, नोझल जवळ धरायचं, आणि इतकं सोडायचं की ओघळ वीतभर खाली यावा. पहिला हात ओला असतानाच दुसरा. वाळल्यावर दुसरा हात मारला तर तो आत शिरतच नाही, पहिलाच त्याला बाहेर ढकलतो. गड्यांना हे पटवताना माझा घसा बसला, त्यांना सवय रंगाची, एक हात वाळला की दुसरा.

आई हे सगळं बघत होती, तिचं एकच, "आधी झापा बांध, मगे तुझा काय तां औषध मार." आणि मी झापं (माडाच्या विणलेल्या झावळ्या) बांधली पण, ह्याबद्दल खाली लिहितो.

रिझल्ट. जूनच्या पहिल्या मोठ्या झडीत भिंतीवर पाणी थेंबाथेंबाने गोळा होऊन पळताना दिसलं. पण मी बाहेर बघण्यापेक्षा आत बघत होतो. जुलैच्या मध्यावर, जेव्हा आठवडाभर ऊन नसतं आणि मीठ बरणीत चिकटतं, तेव्हा कपाट सरकवून भिंतीला पाठचा हात लावला, गार लागली पण ओली नव्हती. आधीच्या वर्षी त्याच जागी वर्तमानपत्राचा कागद लावला तर तो चिकटून राहायचा. पापुद्रे नवीन सुटलेले नाहीत. कपड्यांचा वास कमी आहे, गेला असं म्हणणार नाही. बाहेरून शेवाळ पण ह्या भिंतीवर फारच कमी धरलं, दगडात पाणीच राहिलं नाही तर ते जगणार कशावर.

जे झालं नाही ते पण सांगतो. जमिनीपासून फूटभर उंचीपर्यंत ओल जशीच्या तशी आहे. ती खालून चढणारी ओल, जोत्यातून वर येते, बाहेरून काही फवारून ती थांबत नाही. त्यासाठी पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या बुडाशी पडतं ते लांब न्यायला लागेल, म्हणजे पन्हाळ लावून खळ्याला (अंगणाला) बाहेरच्या बाजूने उतार. खिडकीच्या खाली पण एक काळा पट्टा आलाच, कारण खिडकीच्या सिलला खालून पाणी तोडणारी खाच नाही, पाणी सिलच्या पोटाला चिकटून आत वळतं आणि सगळं त्याच एका ठिकाणी भिंतीवर सुटतं. तिथे कुठलाही माल हरेल.

आता झापांबद्दल. माडाची विणलेली झापं पश्चिमेला बांधायची पद्धत आजीच्या काळापासून आहे आणि मला आता खात्री पटलीय की ती अजून पण सगळ्यात चांगली आहे. मी मुद्दाम अर्ध्या भिंतीला झापं बांधली आणि अर्धी उघडी ठेवली. झापांमागचा भाग नुसता कोरडाच नाही, त्याला मार पण लागला नाही, दर्जा एकदम ताज्या. हल्ली निळी किंवा काळी ताडपत्री बांधतात ती वारा कोंडते, मागे भिंत घामेजते आणि बुरशी धरते, झापातून वारा खेळतो. झापं विणणारी माणसं मिळत नाहीत ही खरी अडचण. मिळाली तर सोडू नका.

लोखंडाबद्दल लिहायचंच आहे कारण भिंतीबरोबर ते काम पण केलं. पडवीतलं ग्रील, जिथे पाऊस लागतच नाही, ते सगळ्यात जास्त गंजलं होतं आणि अंगणातलं उघड्यावरचं गेट त्यापेक्षा बरं. लोक म्हणतात लोखंड हलकं असेल. तसं नाही. खाऱ्या वाऱ्याबरोबर मीठ सगळीकडे बसतं, उघड्यावरचं पाऊस धुवून नेतो, छपराखालचं तसंच राहतं. आणि साधं मीठ हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी ओढून विरघळतं, समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात ते तर तेहतीस-चौतीस टक्क्यांनाच ओले होतात. म्हणजे आपल्याकडे ते ग्रील जवळजवळ वर्षभर ओलंच असतं, डोळ्यांना कोरडं दिसलं तरी. मे महिन्यात पडवीच्या ग्रीलवर बोट फिरवून बघा, चिकट लागेल, जिभेला लावलं तर खारट.

ह्याचा उपाय फुकट आहे, पाऊस नसतो त्या महिन्यांत पंधरवड्यातून एकदा नळीने गोडं पाणी मारायचं, ग्रील, बिजागऱ्या, छज्ज्याची खालची बाजू, एसीचं बाहेरचं युनिट असेल तर त्याची जाळी. नवीन ग्रील मी कोल्हापूरला पाठवून हॉट डिप गॅल्व्हनायझिंग करून आणलं, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून. ते महाग वाटतं, नेआण धरून तर अजूनच, पण ह्या सगळ्या खर्चात माझ्या मते हेच पैसे सगळ्यात वसूल. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. चौकोनी पाईपचं ग्रील असेल तर फॅब्रिकेटरला आधीच भोकं पाडायला सांगा, बंद पाईप जस्तात बुडवला तर आतल्या हवेने आणि वाफेने फुटतो. आणि जस्त चढवून आणल्यावर साइटवर वेल्डिंग करायचं नाही, तिथलं जस्त जळतं आणि गंज तिथूनच सुरू होतो, नटबोल्टने बसवा. आमच्या फॅब्रिकेटरने एका कोपऱ्यात न विचारता टाका मारला, वर सिल्व्हर पेंट फासला, आज अख्ख्या ग्रीलवर गंजाचा डाग तेवढाच आहे.

नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे घ्यायचे तर 304 ग्रेडचे नको, 316 ग्रेडचे मागा, त्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि खाऱ्या हवेत तेच टिकतं, 304 ला काही महिन्यांत तपकिरी डाग पडतात. आमच्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानात 316 मिळत नाही, मागवायला लागतात. पत्र्याची शेड करणार असाल तर पत्रा ग्राइंडरने कापू देऊ नका, ठिणग्या पत्र्यावर बसतात आणि पहिल्याच पावसात तिथे बारीक बारीक लाल ठिपके येतात, कात्रीने कापायला लावा.

उत्तरेच्या भिंतीला गिलावा आहे, तिला ह्या वेळी चुना दिला. कळीचा चुना आठवडाभर भिजवून, गाळून, पातळ तीन हात. पावसाळ्यात बराच धुपला, दर वर्षी द्यायला लागणार हे उघड आहे, पण चुन्याचा क्षारपणा जोवर ताजा आहे तोवर शेवाळ धरत नाही आणि भिंत कोंडत नाही, खर्च म्हणाल तर एका रंगाच्या बादलीच्या पासंगाला पण पुरत नाही. शहरात राहून वर्षातून एकदाच गावी येणाऱ्यांनी मात्र चुन्याच्या नादी न लागता चांगला बाहेरचा ॲक्रिलिक इमल्शन घ्यावा, पण रबरी जाड फिल्मवाला नको आणि खाली पुट्टी पण नको.

मग घ्यावं का? उघड्या चिऱ्याची, झड लागणारी भिंत असेल, दर्जा दुरुस्त करायची तयारी असेल, तर नक्की घ्या. कौलं गळत असतील तर आधी शाकारणी करा. लोणा आधीच खूप फुटत असेल तर भिंत एक हंगाम ब्रशने कोरडी झाडत राहा, मीठ बाहेर येऊ द्या आणि मगच मारा, नाहीतर मीठ रिपेलंटच्या थराच्या मागे साचून दगडाचा पापुद्रा उडवतं.

येत्या फेब्रुवारीत दक्षिणेची भिंत करणार आहे, आणि त्याच्या आधी खिडक्यांच्या सिलला खाचा पाडून घेणार, गवंड्याला सांगून ठेवलंय. माल लागेल तेवढाच मागवणार. उघडलेल्या डब्यातलं उरलेलं मी घट्ट झाकून माळ्यावर ठेवलं होतं, आपल्या दमट हवेने गणपतीपर्यंत त्याचा खळीसारखा गोळा झाला.