नर्मदेचा दक्षिण तट तुकड्यातुकड्यांनी: रेल्वे, बस आणि सायकल, सहा महिन्यांचा अनुभव

देवउठनी एकादशीनंतर नर्मदेच्या उगमाशी, अमरकंटकहून निघाले, ती एप्रिलमध्ये तिच्या मुखाजवळ, गुजरातेतल्या कठपोरला पोचले. पुढे खाडी, मग समुद्र. नर्मदेची लांबी 1312 किलोमीटर, पण रस्ता काही नदीच्या काठाकाठानं जात नाही, त्यामुळे सायकलचं अंतर त्याहून बरंच वाढतं. मी इंदूरला बँकेत नोकरी करते. सलग महिनाभर रजा मिळणार नव्हती, म्हणून दुसरा-चौथा शनिवार धरून दोन-तीन दिवसांचे तुकडे पाडले. जिथे थांबले तिथूनच पुढच्या खेपेला सुरुवात, आणि घरी जाणं-येणं रेल्वे नाहीतर बसनं.

याला मी परिक्रमा म्हणत नाही. मैया म्हणजे नर्मदा ओलांडायची नाही हा परिक्रमेचा पहिला नियम, आणि इंदूर नदीच्या उत्तरेला, त्यामुळे मला घरी यायचं तर दर खेपेला ती ओलांडावीच लागायची. पण सायकलवर असताना ती कायम उजव्या हाताला ठेवली.

आता मुद्द्याचं. गाडी ठरवण्याआधी ती तुमच्या स्टेशनवर किती वेळ थांबते ते पाहा. सायकल डब्यात नेता येत नाही. डब्यातल्या सामानाला 100×60×25 सेंटीमीटरची मर्यादा आहे आणि माझं नुसतं चाकच 70 सेंटीमीटरच्या आसपास भरतं. म्हणजे ती ब्रेकव्हॅनमध्येच, गाडीच्या गार्ड-सामानाच्या डब्यातच जाणार. ब्रेकव्हॅनचं दार उघडायचं, पुढचं सामान बाजूला करायचं, सायकल उतरवायची, एवढं दोन मिनिटांत होत नाही. मोहिमेआधी एकदा सराव म्हणून गेले होते. एका मधल्या स्टेशनवर मी उतरले आणि सायकल पुढे निघून गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत मिळाली. ती रात्र मी वेटिंग रूममध्ये काढली आणि तेव्हाच ठरवलं, की शक्यतो गाडी जिथे सुरू होते तिथे चढवायची आणि जिथे संपते तिथे उतरवायची.

अमरकंटकला जवळचं स्टेशन पेंड्रारोड. इंदूरहून नर्मदा एक्स्प्रेस थेट जाते, पण तिथे ती थोडाच वेळ थांबते. मी तिकीट शेवटच्या स्टेशनचं, बिलासपूरचं काढलं आणि तिथून बसनं मागे, वर अमरकंटकला आले. अर्धा दिवस जास्त गेला, पण सायकल डोळ्यांसमोर उतरली. डिंडोरी, मंडला करत जबलपूरला पोचल्यावर परतीला ओव्हरनाइट एक्स्प्रेस होती. ती जबलपूरला सुरू होते आणि इंदूरला संपते. यासारखं सुख नाही.

दुसरी गोष्ट पार्सल ऑफिसची. तिथे ‘सायकल पाठवायची आहे’ म्हटलंत की पार्सल म्हणून बुकिंग होऊ शकतं, आणि पार्सल तुमच्याच गाडीनं येईल याची खात्री नाही. स्वतःचं तिकीट पुढे करून ‘लगेज’ असंच म्हणा. मग ती तुमच्याबरोबर, त्याच गाडीत. नियमाप्रमाणे सामान सुटण्याआधी अर्धा तास आणायचं असतं. मी दोन तास आधी जायचे. चौकटीला जाड पुठ्ठ्यावर नाव, कुठून-कुठे आणि फोन नंबर मार्करनं लिहून बांधायचे. ब्रेकव्हॅन पुढे लागणार की मागे, हे हमालांना बरोबर ठाऊक असतं. जबलपूरचे एक वयस्क हमाल म्हणाले, ‘दीदी, हैंडल सीधा मत छोड़ो, घुमा दो.’ तेव्हापासून हँडल चौकटीला समांतर, पेडल काढलेली, दिवा आणि बाटली पिशवीत. डावं पेडल उलट्या आट्याचं असतं, तिथे जोर लावू नका.

दीड-दोनशे किलोमीटरच्या आत मात्र मला बसच आवडली. मध्यप्रदेशात सरकारी एसटी कधीच बंद पडली, गाड्या सगळ्या खासगी, त्यामुळे नियमाऐवजी क्लीनरशी बोलणं असतं. भाडं सायकल वर चढवण्याआधी ठरवायचं. इंदूरहून कन्नोद, खातेगाव, नेमावर करत हंडियाचा पूल ओलांडणारी हरद्याची बस मला इतकी सोयीची पडली, की इटारसी ते खंडव्याचा सगळा पट्टा मी तिच्याच भरवशावर केला. सायकल टपावर आडवी, डीरेलरची म्हणजे मागचे गिअर बदलणाऱ्या यंत्राची बाजू वर, आणि दोरीऐवजी जुन्या ट्यूबच्या पट्ट्या. ट्यूब ताणून बांधता येते आणि रंगही खरवडत नाही. एकदा एका बसमध्ये माझ्या सायकलवर कुणीतरी लोखंडी पेटी ठेवली आणि डीरेलर ज्याला लटकतो तो हँगर वाकला. तेव्हापासून एक जादा हँगर सोबत असतो. तो प्रत्येक चौकटीचा वेगळा असतो, वाटेतल्या गावात मिळत नाही.

ओंकारेश्वरच्या टप्प्याला आजोबांची फार आठवण आली. ते महूहून छोट्या लाइनच्या गाडीत, गार्डच्या डब्यात सायकल टाकून मोरटक्क्याला उतरायचे आणि तिथून सायकलवर ओंकारेश्वर. ही लाइन होळकरांनी दिलेल्या एक कोटीच्या कर्जातून झाली होती. ब्रॉडगेजच्या कामासाठी 2023 पासून ती बंद आहे. काम पूर्ण झालं की गाडीत सायकल घालून मी पहिल्यांदा तिथेच जाणार आहे.

बडवानीनंतर रेल्वेचा विचारच सोडा. शहादा, तळोदा, अक्कलकुवा, डेडियापाडा, राजपीपळा हा सगळा चढउताराचा रस्ता, आणि तो एका दमात करावा लागतो. मी त्याला पाच दिवसांची रजा टाकली. शहाद्याच्या पुढे एका घरी पाणी मागितलं, तर आजींनी ‘नर्मदे हर’ म्हणत भाकरी-पिठलंच पुढे केलं. परिक्रमावासी नाही म्हणून सांगितलं तरी ताट काही परत घेतलं नाही.

कठपोरहून परिक्रमावासी नावेनं उत्तर तटाला जातात. मी मागे फिरले, अंकलेश्वरहून पूल ओलांडून भरूच आणि तिथून वडोदऱ्याला मावसबहिणीकडे. इंदूरची गाडी मुद्दाम वडोदऱ्याहून धरली, कारण मोठं स्टेशन आणि पार्सल ऑफिस फलाटाजवळच. मुंबईहून येणारी अवंतिका एक्स्प्रेस, म्हणजे चढवायची मधल्या स्टेशनवर, आणि माझा नियम मोडणारच होता. बहीण ब्रेकव्हॅनपाशी उभी राहिली, सायकल आत गेल्यावर तिनं हात वर केला आणि मगच मी डब्यात चढले. उत्तर तट दसऱ्यानंतर.