बीट्रिक्स पॉटरच्या गावासाठी ओएल 7: काही महिन्यांच्या वापरानंतर

आधीच सांगते, हे परीक्षण हॉटेलचं नाही, टूर कंपनीचं नाही आणि कुठल्या ॲपचंही नाही. एका घडीच्या कागदी नकाशाचं आहे. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेच्या ‘एक्सप्लोरर’ मालिकेतला ओएल 7, म्हणजे इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टचा आग्नेय भाग. ‘पीटर रॅबिट’ लिहिणाऱ्या बीट्रिक्स पॉटरच्या मागावर सहकुटुंब जायचं ठरलं तेव्हापासून परत येईपर्यंत हा नकाशा आधी जेवणाच्या टेबलावर, मग भिंतीवर आणि शेवटी माझ्या कोटाच्या खिशात होता. आता घड्यांवर विरलाय. पुरेसा वापरलाय असं म्हणायला हरकत नाही.

लहानपणीच्या आवडत्या लेखकाचा माग काढत परदेशी जायचं म्हटलं की नकाशा सगळ्यांनाच कामाचा ठरेल असं मात्र नाही. ज्याचं जग सगळं मनातलं, त्याच्या गावी जाऊन काय दिसतं? जन्मघराची पाटी, पुतळा, आणि त्याच्या पात्रांची चित्रं छापलेले कॉफीचे मग. पॉटरचं तसं नाही. ही बाई चित्रकार होती आणि समोर दिसेल ते काढायची. गावातलं दुकान, शेताचं फाटक, स्वतःच्या घराचा जिना, भिंतीलगतची वाट, सगळं जसंच्या तसं. फक्त त्यात कोट घातलेली मांजरं आणि शाल पांघरलेलं बदक. त्यामुळे तिच्या पुस्तकांतली बरीच पानं नकाशावर बोट ठेवून दाखवता येतात, आणि सहलीचा सगळा बेत आम्ही त्यावरच बांधला.

घेताना एक गोष्ट बघा. ऑर्डनन्स सर्व्हेचे दोन नकाशे दुकानात शेजारी शेजारी असतात. गुलाबी कव्हरचा ‘लँडरेंजर’, प्रमाण 1:50,000, आणि केशरी कव्हरचा ‘एक्सप्लोरर’, प्रमाण 1:25,000. केशरीच घ्या. त्यात जमिनीवरचा 1 किलोमीटर कागदावर 4 सेंटिमीटरचा होतो, हे झालंच. पण खरा फरक असा की केशरी नकाशात शेतांच्या हद्दी दिसतात. एकेका शेताभोवतीची दगडी भिंत बारीक काळ्या रेषेने काढलेली असते. गुलाबीत ती नसते. पॉटरच्या चित्रांत भिंती आणि फाटकं काढून टाकली तर उरतं काय?

आमच्याकडे रोज रात्री जेवणं झाली की टेबल पुसून नकाशा पसरायचा आणि शेजारी पुस्तकं. थोरलीने पहिल्यांदा जेमायमा पडलडकचं (1908) पुस्तक उघडलं. त्यात एका चित्रात मागे एक पब आहे. निअर सॉरी गावातला ‘टॉवर बँक आर्म्स’, आजही चालू असलेला. नकाशात पबसाठी नुसतं बिअरच्या मगाचं छोटं निळं चिन्ह असतं. ते तिने भिंग लावून शोधलं, आणि त्याला लागूनच हिल टॉप! पॉटरने 1905 मध्ये विकत घेतलेलं शेत. टॉम किटनची (1907) बाग तिथली, सॅम्युअल व्हिस्कर्स हा उंदीर ज्या घरात टॉमला कणकेत गुंडाळतो ते घरही तेच. पश्चिमेला लागूनच एस्थवेट तळं, आणि जेरेमी फिशर हा बेडूक (1906) तिथलाच म्हणून दाखवतात. म्हणजे निम्मंअधिक कपाट तळहाताएवढ्या कागदात मावलं.

धाकट्याला मात्र पीटर रॅबिटच्या गोष्टीतला मिस्टर मॅकग्रेगरचा मळा हवा होता आणि तो काही केल्या सापडेना. सापडणार कसा? पीटर रॅबिट जन्मला स्कॉटलंडमध्ये. डंकेल्डजवळच्या घरातून पॉटरने 4 सप्टेंबर 1893 ला आपल्या जुन्या शिक्षिकेच्या आजारी मुलाला, नोएल मूरला, चित्रांचं पत्र लिहिलं, त्यात तो पहिल्यांदा आला. पुढे प्रकाशक मिळेना म्हणून तिने डिसेंबर 1901 मध्ये स्वखर्चाने 250 प्रती छापल्या, आणि 1902 मध्ये फ्रेडरिक वॉर्न कंपनीने पुस्तक काढलं. त्या मळ्यासाठी बोट ठेवायला एक पक्की जागा नाही. बेंजामिन बनीच्या (1904) चित्रांमागची बाग मात्र खरी आहे, फॉ पार्क, डरवेंटवॉटर तळ्याकाठी. ती ओएल 7 मध्ये येत नाही. धाकटा त्या रात्री फुरंगटून झोपला.

नकाशाने आमचं सगळ्यात मोठं काम केलं ते म्हणजे बेत आखडला. सुरुवातीच्या यादीत सगळंच होतं. लंडनमध्ये तिचं जन्मस्थान बोल्टन गार्डन्स, शिंप्याच्या गोष्टीसाठी ग्लॉस्टर, उन्हाळ्याच्या सुट्ट्यांसाठी स्कॉटलंडमधलं डॅल्गाइझ, आणि मग लेक डिस्ट्रिक्ट. कागदावर झकास दिसतं. दोन मुलं, सासूबाई आणि सामान घेऊन रोज गाडी बदलायची म्हटल्यावर त्यातली निम्मी मजा स्टेशनांवरच संपली असती. इकडे नकाशावरचे चौकोन (एक चौकोन म्हणजे 1 किलोमीटर) मोजले तर हिल टॉपपासून मॉस एकल्स तळं जेमतेम दीड चौकोन. पॉटर आणि तिचा नवरा विल्यम हीलिस संध्याकाळी ज्यात होडी वल्हवायचे ते हे तळं. हॉक्सहेड तीन-साडेतीन चौकोन. हीलिस तिथे वकिली करायचा, वर्ड्‌स्वर्थची शाळाही त्याच गावात. विंडरमिअर तळ्याच्या काठचा रे कासल साडेपाच. 1882 च्या उन्हाळ्यात पॉटर कुटुंबाने तो भाड्याने घेतला होता, आणि सोळा वर्षांच्या बीट्रिक्सला या भागाची गोडी तिथूनच लागली. हार्डविक रॉन्स्ली या पाद्रीबाबांशी ओळखही त्याच मुक्कामात झाली. पुढे 1895 मध्ये नॅशनल ट्रस्ट, म्हणजे ऐतिहासिक जागा आणि निसर्ग जपणारी संस्था, स्थापन करणाऱ्या तिघांतले हे एक. सगळं पायाखालचं. मग ठरलं, मुक्काम एकच, हॉक्सहेडच्या आसपास, आणि बाकीच्या गावांवर काट.

सासूबाईंचा प्रश्न एकच होता, “चढ किती आहे ते आधी सांग.” याचं उत्तर फोनवरच्या नकाशापेक्षा या कागदाने चांगलं दिलं. तपकिरी समोच्च रेषा दाट झाल्या की चढ खडा, विरळ झाल्या की सपाटी. एकदा समजलं की त्या स्वतःच बोट फिरवून सांगायला लागल्या, “इथपर्यंत मी येते, पुढे तुम्ही जा.” मॉस एकल्सची वाट त्यांनीच पास केली. चढ आहे, पण वाट रुंद आहे आणि चढ दमाने वाढत जातो.

हिरव्या तुटक रेषांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण आपल्याला ही भानगड नवी असते. हिरवी तुटक रेषा म्हणजे सार्वजनिक हक्काची पायवाट. ती कुणाच्या शेतातून, कुणाच्या गोठ्यासमोरून गेली तरी चालत जायचा हक्क तुमचा. आखूड तुकड्यांची रेषा फक्त पायी जाणाऱ्यांसाठी, लांब तुकड्यांची असेल तर घोडे आणि सायकलीही. काळी तुटक रेषा म्हणजे तिथे वाट आहे एवढंच, हक्क असेलच असं नाही. नकाशावर तशी बारीक टीपही छापलेली असते. हे घरीच समजून घेतलं म्हणून तिथे परक्याच्या फाटकाला हात लावताना बिचकायला झालं नाही. फाटक मात्र होतं तसं ठेवायचं, बंद असेल तर बंद. आत हर्डविक मेंढ्या असतात. ही स्थानिक जात टिकावी म्हणून पॉटरने उतारवयात पुस्तकं बाजूला ठेवून मेंढपाळी केली, आणि 1943 मध्ये गेली तेव्हा 4000 एकरांहून जास्त जमीन नॅशनल ट्रस्टला ठेवून गेली. नकाशावर ट्रस्टच्या जमिनीही दाखवलेल्या असतात. त्यातल्या कितीतरी तिच्या, हे कळल्यावर नुसता कागद बघायलाही मजा येते.

आता जे नकाशा सांगत नाही ते.

हिल टॉपला वेळेचं तिकीट लागतं. घर लहान, खोल्या अरुंद, एका वेळी मोजकीच माणसं आत सोडतात. हिवाळ्यात बंद असतं. तेव्हा आधी हिल टॉपची तारीख बघा, मग बाकीची सहल तिच्याभोवती बसवा. ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या फार तर 3 महिने आधी करता येतो आणि मुलांचाही अर्ज वेगळा भरावा लागतो, त्यामुळे ही दोन कामं एकमेकांच्या पायात येतात. तारखा बदलता येतील असंच बुकिंग करा.

बसचं वेळापत्रक नकाशात नसतं हे उघड आहे, पण हंगामाबाहेर काही बसेस धावतच नाहीत हे ध्यानात येत नाही. लंडन यूस्टनहून ऑक्सनहोम, तिथे गाडी बदलून विंडरमिअर, इथपर्यंत रेल्वे. पुढे बोनेसहून केबलवर ओढली जाणारी फेरी तळं ओलांडते आणि पलीकडे उतरल्यावर फार सॉरीतून निअर सॉरीपर्यंत चालत जाता येतं. सरळ रेषेत दोन चौकोन, पायाखाली तीन किलोमीटरच्या आसपास. हिल टॉपला गाडी लावायला जागा थोडी, म्हणून हाच मार्ग बरा. जोराचा वारा असला की फेरी बंद ठेवतात. मग तळ्याला वळसा घालून ॲम्बलसाइडवरून यायचं, आणि विंडरमिअर म्हणजे इंग्लंडमधलं सगळ्यात मोठं तळं, लांबी सुमारे 17 किलोमीटर. नकाशात फेरीची रेषा फार निरागस दिसते.

तिसरी गोष्ट, ‘स्टाइल’. भिंतीवरून चढून पलीकडे उतरायला दगडाच्या नाहीतर लाकडाच्या पायऱ्या असतात, त्या या नकाशात दाखवत नाहीत. हिरवी रेषा भिंतीची काळी रेषा ओलांडते तिथे फाटक असेल की चढायच्या पायऱ्या, हे जाऊनच कळतं. गुडघे दुखणारं माणूस बरोबर असेल तर मुक्कामाच्या जागी विचारून घ्या, गावातल्या लोकांना तोंडपाठ असतं. लांब तुकड्यांची हिरवी रेषा निवडली तर बहुतेक फाटकच मिळतं, घोड्याला पायऱ्या चढता येत नाहीत.

हिल टॉपच्या आत नकाशाचं काम संपतं आणि पुस्तकाचं सुरू होतं. सॅम्युअल व्हिस्कर्सचं पुस्तक बरोबर घेऊन जा. जिन्याच्या वळणावर थोरलीने पान उघडून समोर धरलं तर चित्रातला जिना आणि समोरचा जिना एकच. ‘टू बॅड माइस’मधलं (1904) बाहुलीघराचं खोटं जेवण, ते प्लास्टरचं हॅम वगैरे, तेही तिथे ठेवलंय. तिचा संपादक नॉर्मन वॉर्न याने पॉटरला चित्रासाठी पाठवलेलं. दोघांचं लग्न ठरलं 1905 च्या जुलैत आणि ऑगस्टमध्ये तो गेला. मुलांना हे सांगायचं की नाही यावर आमच्यात मतभेद होते. मी सांगितलं.

कागद की प्लॅस्टिकचा थर असलेली आवृत्ती? दुसरी जरा महाग आणि जाड, पण तीच घ्या. लेक डिस्ट्रिक्टमधलं सीथवेट इंग्लंडमधल्या सगळ्यात पावसाळी वस्त्यांत मोडतं, वर्षाला 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस. मी साधी घेतली, कारण घरी टेबलावर पेन्सिलीने खुणा करायला ती बरी. तिथे पिशवीत घालून वापरली. वाऱ्यात पूर्ण उघडायच्या फंदात पडू नका, लागेल तेवढा भाग वर येईल अशी घडी निघायच्या आधीच घालून ठेवा. कव्हरमध्ये फोनवर उतरवून घ्यायचा कोड मिळतो. चालताना आपण नेमके कुठे आहोत ते फोनवर पटकन कळतं. पण चार माणसांनी एकत्र वाकून बेत करायला फोनचा पडदा काही कामाचा नाही, प्रत्येक जण आपापल्या बोटाने तो सरकवत बसतो.

राहता राहिला ओएल 4, वायव्य भागाचा. मिसेस टिगी-विंकलसाठी (1905) तो लागतोच. लिटल टाउन आणि 451 मीटरचा कॅट बेल्स डोंगर पुस्तकात खऱ्या नावांनी येतात आणि दोन्ही त्या पानावर आहेत. चालायचा उत्साह असेल तर घ्या, न्यूलँड्सच्या खोऱ्यात हिरव्या रेषा भरपूर आहेत. नुसतं स्क्विरल नटकिनचं (1903) घुबडाचं बेट बघायचं असेल तर घेऊ नका. ते म्हणजे डरवेंटवॉटरमधलं सेंट हर्बर्ट बेट, आणि केझिकच्या धक्क्यावरून तळ्याला फेरी मारणाऱ्या लाँचमध्ये बसलं की ते आपोआप दिसतं.