दहावीनंतर परदेशात एक वर्ष: सीमाभागातील पालकांसाठी चार पर्यायांची तुलना

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात दहावीचा निकाल लागला की घरोघरी चर्चा होते ती विज्ञान घ्यायचे की वाणिज्य, आणि कॉलेज बेळगावचे की कोल्हापूरचे, एवढीच. याच वयात एखाद्या परक्या देशात, परक्या कुटुंबात राहून, तिथल्या शाळेत शिकून आणि तिथल्या सार्वजनिक कामात हात घालून परत येता येते, ही गोष्ट फार थोड्या पालकांच्या कानावर येते. आली तरी ती पैसेवाल्यांची हौस असावी असे समजून विषय तिथेच सोडला जातो. हा समज अर्धाच खरा आहे. खाली ज्या चार वाटांचा विचार केला आहे, त्यांतल्या दोन अशा आहेत की त्यांत प्रवासाचा आणि राहण्याचा मुख्य खर्च घरातून करावा लागत नाही.

पहिली वाट अमेरिकेची. केनेडी-लुगार यूथ एक्सचेंज अँड स्टडी, म्हणजे थोडक्यात ‘येस’, हा कार्यक्रम २००१ च्या सप्टेंबरातील हल्ल्यांनंतर, ऑक्टोबर २००२ मध्ये अमेरिकी संसदेने सुरू केला. मुस्लिम लोकसंख्या लक्षणीय असलेल्या देशांतील तरुणांशी संवाद वाढावा हा त्यामागचा हेतू होता आणि भारत त्या देशांत मोडतो. साधारण १५ ते १७ वर्षांची मुले एक पूर्ण शैक्षणिक वर्ष अमेरिकी कुटुंबात राहतात आणि तिथल्या हायस्कुलात शिकतात. विमानप्रवास, विमा आणि महिन्याचा हातखर्च शिष्यवृत्तीतून मिळतो. त्या बदल्यात मुलाने समाजसेवेचे तास भरायचे असतात, वर्गात आणि गावात आपल्या देशाविषयी बोलायचे असते, आणि परतल्यावर इथेही काही काम उभे करावे अशी अपेक्षा असते. निवडीत इंग्रजीची चाचणी, निबंध आणि मुलाखत असते. एक अट पालकांना आधीच ठाऊक हवी. या कार्यक्रमाच्या व्हिसावर गेलेल्याला मायदेशी दोन वर्षे काढल्याशिवाय अमेरिकेत नोकरीचा ठरावीक व्हिसा किंवा कायमचे वास्तव्य मिळत नाही. उच्च शिक्षणासाठी विद्यार्थी व्हिसा मागण्याला मात्र ही अट आड येत नाही. कार्यक्रम अमेरिकी सरकारच्या निधीवर चालतो, म्हणून त्या वर्षी भारतातून अर्ज घेतले जात आहेत ना, याची खात्री आधी करावी.

दुसरी वाट रोटरीची, म्हणजे गावोगावी क्लब असलेल्या जागतिक सेवाभावी संघटनेची, आणि तिच्याविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्या भागातून ती सर्वांत जवळची आहे. बेळगाव, कोल्हापूर, सांगली, गोवा आणि धारवाड हे सारे रोटरीच्या ३१७० या एकाच प्रांतात (डिस्ट्रिक्टमध्ये) येतात, म्हणजे राज्याची हद्द इथे आडवी येत नाही. दीर्घ मुदतीची देवाणघेवाण शालेय वर्षभराची असते. या काळात मूल बहुधा दोन-तीन कुटुंबांत पाळीपाळीने राहते. अल्प मुदतीची देवाणघेवाण काही दिवसांपासून तीन महिन्यांपर्यंतची असते आणि ती बहुतेक वेळा सुटीत होते. मूल रोटरी सदस्याचेच असावे अशी अट नाही. स्थानिक क्लबने मात्र त्याला पुढे करावे लागते. यजमान कुटुंब राहण्या-जेवण्याचे पैसे घेत नाही आणि शाळेची फी लागत नाही. विमानाचे तिकीट, विमा, व्हिसा आणि वरखर्च पालकांचा. नियम कडक आहेत: वाहन चालवायचे नाही, दारू नाही, अमली पदार्थ नाहीत, प्रेमप्रकरण नाही. ब्लेझरवर देशोदेशीच्या मुलांनी अदलाबदल केलेल्या पिना टोचून आलेले मूल पाहिले की त्या वर्षात त्याने किती माणसे जोडली हे दिसते.

इथे पालक ज्या गोष्टीवर अडखळतात ती पैशाची नसते. देवाणघेवाण म्हटल्यावर आपले मूल जाते आणि कोणाचे तरी मूल आपल्याकडे येते. टिळकवाडीतल्या दोन खोल्यांच्या घरात किंवा खानापूर तालुक्यातल्या वाड्यात सोळा वर्षांची ब्राझीलची मुलगी काही महिने राहणार, सकाळी आपल्याबरोबर भाकरी खाणार आणि संध्याकाळी आपल्या घरात आवाज चढला तर तो ऐकणार, ही कल्पना अनेकांना जड जाते. माझे मत असे की या कार्यक्रमातला सर्वांत मोलाचा भाग हाच आहे. गेलेले मूल एकटेच शिकते. आलेल्या मुलामुळे आजी, शेजारी, गल्लीतले मंडळ, सगळे शिकतात. बेळगावातल्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीची तयारी रात्रभर चालते. त्या तयारीत एखाद्या परदेशी मुलाला उभे करून तो रथ कोणी बांधला, वर्गणी कोणी काढली, पोलिसांची परवानगी कोणी आणली हे समजावून सांगताना आपली मुले स्वतःच्याच कामाचा अर्थ पहिल्यांदा शब्दांत मांडतात.

तिसरी वाट ए.एफ.एस. या संस्थेच्या स्वतःच्या, पालकांच्या पैशावर चालणाऱ्या कार्यक्रमांची. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिक वाहून नेणाऱ्या स्वयंसेवी रुग्णवाहिका-चालकांतून ही संस्था १९१५ मध्ये उभी राहिली आणि १९४७ मध्ये तिने १० देशांतील ५२ विद्यार्थी अमेरिकेत आणून शालेय देवाणघेवाण सुरू केली. भारतात ‘येस’चे कामही हीच संस्था पाहते. देशांची निवड मोठी आहे आणि यजमान कुटुंबे विनामोबदला मुले ठेवतात. पण सहभागाचे शुल्क पगारदार किंवा शेतकरी घराला सहज झेपणारे नाही. कर्ज काढून या वाटेने जावे असे मी कोणाला सांगणार नाही.

चौथी वाट एन.सी.सी.ची, म्हणजे राष्ट्रीय छात्रसेनेची, आणि खेड्यातल्या मुलांनी तिचा गांभीर्याने विचार करावा. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र ज्या शहरात आहे तिथे खाकी गणवेशाची ओढ शिकवावी लागत नाही. १९४८ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या या संघटनेच्या युवा विनिमय कार्यक्रमात दरवर्षी निवडक कॅडेट मित्रदेशांत पाठवले जातात आणि तिकडचे कॅडेट प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास दिल्लीत येतात. खर्च सरकारचा. मात्र तिथे पोहोचण्याची शिडी लांब आहे: कॉलेजातले युनिट, वार्षिक शिबिर, आंतरगट स्पर्धा, मग कर्नाटक आणि गोवा संचालनालयाच्या तुकडीत निवड. एवढे करूनही परदेशी मुक्काम काही दिवसांचाच असतो, म्हणून परक्या समाजाची ओळख होते ती वरवरची. शिस्त, बोलण्यातला आत्मविश्वास आणि तुकडीला बरोबर घेऊन चालण्याची सवय या गोष्टी मात्र शिडी चढतानाच अंगी येतात. निवड झाली नाही तरी त्या हातच्या जात नाहीत. हे वैशिष्ट्य उरलेल्या तिन्ही वाटांत नाही.

आता वर्ष वाया जाण्याचा प्रश्न. एस.एस.एल.सी. (कर्नाटकाची दहावी) झाल्यावर आणि प्रथम पीयूसीला (अकरावीला) प्रवेश घेण्याआधी मूल गेले तर सरळ एक वर्षाचा खंड पडतो, बाकी काही बिघडत नाही. कर्नाटकाच्या सीईटीतील (व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेश परीक्षेतील) सर्वसाधारण पात्रतेसाठी पहिली ते द्वितीय पीयूसी (बारावी) या काळात किमान सात वर्षे राज्यात शिकलेले आणि दहावी किंवा बारावी इथून उत्तीर्ण झालेले असावे लागते. पहिलीपासून दहावीपर्यंत इथेच शिकलेल्याची ही अट आधीच पुरी झालेली असते. महाराष्ट्राच्या व्यावसायिक प्रवेशांत सीमाभागातील मराठी भाषक विद्यार्थ्यांसाठी जो स्वतंत्र पात्रता-प्रकार आहे, त्यातही दहावी किंवा बारावी कुठून झाली हे पाहिले जाते. म्हणून प्रथम आणि द्वितीय पीयूसीच्या मध्ये मूल पाठवणे आणि परदेशातले वर्ष इथे समकक्ष म्हणून मान्य करून घेण्याच्या खटपटीत पडणे, हे दोन्ही टाळावे. वर्ष गेले तर जाऊ द्यावे.

देश निवडण्याची मुभा मिळाली तर माझा कल इंग्रजी बोलणाऱ्या देशांकडे नाही. घरात मराठी, बसमध्ये कन्नड, बाजारात हिंदी अशी वाढलेली आपली मुले नवी भाषा लवकर उचलतात, आणि भाषेवरून ताणलेल्या प्रदेशात राहण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी आहे. बेल्जियममध्ये डच आणि फ्रेंच भाषकांमधली सीमारेषा १९६२-६३ मध्ये कायद्याने आखली गेली आणि ब्रुसेल्स द्विभाषिक ठेवले गेले. इटलीच्या दक्षिण टायरॉलमध्ये जर्मन भाषकांना १९७२ च्या स्वायत्ततेच्या कायद्याने मोठे अधिकार मिळाले आणि तिथली मुले मातृभाषेतून शाळा शिकतात. अशा ठिकाणी वर्षभर राहून दाखल्यांवर, फलकांवर, शाळांत भाषेचा हक्क रोज कसा पाळला जातो आणि कुठे खटके उडतात हे आमच्या मुलांनी डोळ्यांनी पाहावे, असे मला मनापासून वाटते. १९५६ पासून आपल्याकडे महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नावर मोर्चे झाले, निवडणुका झाल्या, खटला झाला; दुसऱ्यांनी काय केले हे पाहून आलेली माणसे मात्र आपल्यात मोजकीच आहेत.

अर्ज लिहिताना आपली मुले एक चूक हमखास करतात: वर्गाचा मॉनिटर होतो, वक्तृत्वात बक्षीस मिळाले, एवढेच लिहितात. मंडळाचे पावतीपुस्तक सांभाळून हिशेब जाहीर वाचून दाखवला, आजीचे पेन्शनचे कन्नड अर्ज भरून दिले आणि मग गल्लीतल्या चौघींचेही भरले, हे त्यांना नेतृत्व वाटतच नाही. निवड करणाऱ्यांना नेमके हेच हवे असते, आणि ते साध्या इंग्रजीत लिहिले तरी चालते.

कागदपत्रांना नववीतच हात घालावा. माझ्या एका विद्यार्थिनीच्या जन्मदाखल्यावर फक्त नाव आणि वडिलांचे नाव होते, शाळेच्या दाखल्यावर आडनावाच्या जागी गाव, आधारवर पूर्ण नाव आणि आडनाव. त्यात २०१४ च्या १ नोव्हेंबरपासून बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाल्यामुळे जन्मस्थळाचे इंग्रजी स्पेलिंगही दोन तऱ्हांचे. या कार्यालयातून त्या कार्यालयात फिरण्यात पाच महिने गेले, तोवर मुलाखतीची तारीख उलटून गेली. तिच्या धाकट्या बहिणीचे सगळे दाखले आम्ही आठवीतच एकसारखे करून घेतले आहेत. तिचा अर्ज येत्या गणपतीनंतर जाईल.